एक लाख सतरा हजार मतांचे काय झाले?

शहापूरकर (धागाकर्ता)

2021 च्या एप्रिलमध्ये झालेल्या बेळगाव लोकसभा पोटनिवडणुकीचा निकाल मी अजून विसरलेलो नाही. सुरेश अंगडी यांच्या निधनाने रिकामी झालेली जागा भाजपच्या मंगला अंगडी यांनी 5,240 मतांनी राखली, काँग्रेसचे सतीश जारकीहोळी दुसरे आले, आणि महाराष्ट्र एकीकरण समितीचे शुभम शेळके 1,17,000 हून अधिक मते मिळवून तिसरे आले. त्या रात्री आमच्या गल्लीत जणू आपण जिंकल्यासारखा आनंद होता. मला मात्र तो आनंद खटकला आणि आजही खटकतो.

आपल्याकडे ज्याला सर्वांत जास्त मते, तो निवडून येतो. बाकीच्यांच्या मतांतून कोणालाही वाटा मिळत नाही. समितीच्या मतांचा विसावा भाग जरी दुसऱ्या उमेदवाराकडे वळला असता, तरी निकाल फिरला असता. म्हणजे निकालाची किल्ली आपल्या हाती होती आणि आपण ती न वापरता खिशात ठेवून घरी आलो. उमेदवार न देता, मराठी शाळांतील शिक्षक आणि मराठीतून सरकारी कागदपत्रे यांविषयी लेखी आश्वासन देणाऱ्याच्या पाठीशी आपण उभे राहिलो असतो, तर अधिक मिळाले असते, असे माझे मत आहे.

राहता राहिला सीमाप्रश्न, म्हणजे कर्नाटकातील आपला मराठी भाग महाराष्ट्रात नेण्याचा प्रश्न. संविधानाच्या तिसऱ्या अनुच्छेदानुसार राज्यांच्या सीमा संसद साध्या बहुमताने बदलू शकते. विधानसभेचे मत मागवावे लागते, पण ते बंधनकारक नसते. महाराष्ट्राचे 48 खासदार लोकसभेत असताना आपला एक खासदार गेल्याने किंवा न गेल्याने त्यात कितीसा फरक पडणार?

येळ्ळूरचा मतदार

आपला हिशेब चोख आहे, परंतु तो मत म्हणजे केवळ माणूस निवडण्याचे साधन आहे असे गृहीत धरून केलेला आहे. गोव्याला 16 जानेवारी 1967 रोजी जनमत कौलात थेट विचारले गेले की महाराष्ट्रात विलीन व्हायचे की वेगळा केंद्रशासित प्रदेश राहायचे, आणि तेथील लोकांनी सुमारे 34,000 मतांच्या फरकाने विलीनीकरण नाकारले. तो निकाल अनेकांना रुचला नाही, पण लोकांना विचारले तरी गेले. आम्हाला 1 नोव्हेंबर 1956 रोजी राज्यपुनर्रचनेत तेव्हाच्या म्हैसूर राज्यात (आताच्या कर्नाटकात) घातले गेले, तेव्हापासून आजतागायत कोणीही विचारलेले नाही. 1966 मध्ये सीमावादासाठी महाजन आयोग नेमला गेला, पुढच्या वर्षी त्याचा अहवाल आला, आणि 2004 मध्ये महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला. या सर्वांत आमची मतपेटी कोठेच नव्हती. ज्याला कौल दिला जात नाही, त्याने निवडणुकीलाच कौल मानले तर त्यात चूक ती काय?

शिवाय लेखी आश्वासनाची गोष्ट आपण अगदी सहज लिहिली आहे. निवडणुकीआधी दिलेले आश्वासन कोणत्या न्यायालयात वसूल करता येते, हेही सांगावे.

निवृत्त शिक्षिका, बेळगाव

वरील दोघांच्या वादात एक जुना अनुभव सांगते, कारण मतदान केंद्रात बसून पाहिले की ही चर्चा वेगळीच दिसते. 2019 मध्ये बेळगावात 57 उमेदवार होते, त्यांतील बरेच मराठी अपक्ष. एका मतदानयंत्रावर 16 बटणे असतात. 57 उमेदवार आणि 'नोटा' मिळून 58 होतात, म्हणून टेबलावर चार यंत्रे ओळीने मांडावी लागली. एक आजी पुठ्ठ्याच्या आडोशामागे बराच वेळ उभ्या राहिल्या आणि शेवटी तिथूनच मला म्हणाल्या, "बाई, आपला कुठला गं यातला?" मी काय सांगणार? मतदान अधिकाऱ्याने उत्तर देणे गुन्हा, आणि खरे सांगायचे तर मलाही ते उत्तर ठाऊक नव्हते. इतक्या अपक्षांत प्रत्येकाचे चिन्ह निराळे होते.

1996 मध्ये तर येथे 456 उमेदवार उभे होते, बहुतेक सीमाप्रश्नावरील निषेध म्हणून. निषेध देशभर गाजला, मतपत्रिकेच्या तयारीसाठी मतदान पुढे ढकलावे लागले. बेळगाव, तेव्हाच्या आंध्रातील नलगोंडा आणि तमिळनाडूतील मोडकुरिची येथील त्या उमेदवारांच्या रांगा पाहून संसदेने त्याच वर्षी कायदा बदलला: लोकसभेची अनामत रक्कम 500 रुपयांवरून 10,000 झाली आणि अपक्षाला एकाऐवजी दहा सूचक (अर्जावर नाव सुचवून सही करणारे मतदार) लागू लागले. पुढे ती रक्कम 25,000 झाली. वैध मतांच्या एक षष्ठांशापेक्षा अधिक मते मिळाली नाहीत तर ती जप्त होते. आपल्या निषेधाने सीमा हलली नाही, पण देशभरातल्या गरीब उमेदवाराचा अर्ज महाग झाला. हे कोणी फारसे बोलत नाही.

खानापूरकर

आपण सर्व जण बेळगाव मतदारसंघाविषयी बोलत आहात. आमचा खानापूर तालुका लोकसभेला उत्तर कन्नडमध्ये येतो, म्हणजे आमची मते कारवार, कुमठा आणि भटकळच्या मतांबरोबर मोजली जातात. निपाणी चिक्कोडीत आहे. मतदारसंघांच्या या विभागणीमुळे आमचे बळ लोकसभेत कधीच एकत्र दिसत नाही, त्यामुळे येळ्ळूरच्या मतदारांनी म्हटलेला 'कौल' आकड्यांत पूर्ण उतरूच शकत नाही.

विधानसभेची गोष्ट वेगळी. 2013 मध्ये खानापूर आणि बेळगाव दक्षिण येथे समितीचे आमदार निवडून आले होते. 2018 मध्ये आमच्याकडे समितीच्या दोन गटांचे दोन उमेदवार एकमेकांसमोर उभे राहिले आणि एकही निवडून आला नाही. 2023 मध्येही समितीची पाटी कोरीच राहिली. जेथे जिंकता येते तेथे भांडायचे आणि जेथे जिंकता येत नाही तेथे एकजूट दाखवायची, हा आपला उलटा क्रम मला कधीच समजला नाही.

शहापूरकर

बाईंनी सांगितलेला 1996 चा कायदा माझ्या लक्षात नव्हता. तो मुद्दा मान्य. येळ्ळूरच्या मतदारांना एवढेच विचारतो की निवडणूक हाच कौल मानायचा, तर तो प्रत्येक वेळी मानावा लागेल. 2021 मध्ये लाखावर गेलेला आकडा 2024 मध्ये त्याच्या जवळपासही पोहोचला नाही. उद्या कोणी दावा केला की मराठी मतदारांचे मन बदलले, तर आपण काय उत्तर देणार? ज्या मराठी माणसाने रस्त्यासाठी किंवा दिल्लीतील सरकारसाठी दुसऱ्या पक्षाला मत दिले, त्याचे मत तुमच्या या पद्धतीत सीमाप्रश्नाच्या विरोधात गणले जाते. माझ्या घरातच अशी दोन मते आहेत, आणि ती दोघेही 1 नोव्हेंबरला काळा दिन पाळतात.

येळ्ळूरचा मतदार

हा मुद्दा मला अडवणारा आहे, हे कबूल करतो. तरीही कौल सदोष आहे म्हणून तो घेऊच नये, हे मला पटत नाही. लोकसभेला उमेदवार एकच असावा आणि विधानसभेला गटबाजी नसावी, या खानापूरकरांच्या म्हणण्याशी मी सहमत आहे. मात्र उमेदवारच न देता पाठिंब्याचा सौदा करण्याला माझा विरोध कायम राहील. आमच्या गावात तसे झाले, तर पुढच्या वेळी केंद्रावर मतदारच येणार नाहीत, आणि मग सौद्यासाठी तुमच्या हाती मते तरी कोणाची राहतील?