न्हाणीच्या चौकटीतून भुसा पडतोय, रात्री मुंगळे फिरतात. वाळवी आहे का? सल्ला हवा

परड्यातली_जास्वंद
नमस्कार मंडळी. घर खानापूर तालुक्यात, जांबोटी रस्त्याला. आजेसासऱ्यांनी बांधलेलं, कौलारू, ऐनाच्या तुळया. जुलैपासून न्हाणीच्या चौकटीखाली रोज सकाळी चिमूटभर भुसा पडलेला असतो. झाडला की दुसऱ्या दिवशी परत. रात्री दहानंतर लाईट लावली की मोठे काळे मुंगळे चौकटीवरून माळ्याकडे चाललेले दिसतात. दिवसा एखाददुसरा. औषध मारणारा बोलावला, तो उंबऱ्यातूनच बघून "गेद्दलु, गेद्दलु" (कन्नडात वाळवी) म्हणाला आणि सगळ्या जोत्याला भोकं पाडून औषध सोडायचे 14,000 सांगून गेला. सासूबाई म्हणतात रॉकेल ओत. (रॉकेल आता मिळतंय कुठं!) मी खडूच्या रेघा मारल्या, तर मुंगळ्यांनी दोन दिवसांत दुसरी वाट काढली. घरात तीन वर्षांचं पोर आणि मांजर. गणपती तोंडावर आलेत. काय करू?

वखारवाला
ताई, पैसे देऊ नका अजून. आधी तो भुसा पांढऱ्या कागदावर घेऊन उजेडात बघा. वाळवी लाकूड खाते, म्हणून जमिनीतून येणाऱ्या वाळवीचा असा भुसा बाहेर पडत नाही. ती भिंतीवरून मातीच्या नळ्या करत चालते आणि पोखरलेल्या लाकडात माती भरलेली मिळते. मुंगळा लाकूड खात नाही की वो, नुसतं कोरतो, राहायला. कोरलेलं बाहेर टाकतो, त्यात किड्यांचे पाय, पंख, मेलेले मुंगळे असं सगळं असतं. त्याची पोकळी आतून गुळगुळीत, रंधा मारल्यासारखी.

निपाणीकर
आमच्याकडं एकच औषध, तंबाखूचं पाणी! 😀

अनगोळची_काकी
अहो निपाणीकर, घरात लहान पोर आहे म्हणते ती. तंबाखूचं पाणी विषच. चेष्टेतसुद्धा सांगू नका, कुणीतरी करून बसायचं.

निपाणीकर
चुकलं काकी. मागे घेतो.

कीटकवेडा_टिळकवाडी
वखारवाल्यांनी बरोबर सांगितलंय, त्यात भर घालतो. नेटवर या मुंगळ्यांबद्दल जे वाचाल ते बरंचसं अमेरिकेतल्या लाकडी घरांचं असतं. आपल्याकडचा नेहमीचा मोठा काळा मुंगळा, कॅम्पोनोटस, बहुतेक वेळा जमिनीत किंवा झाडाच्या बुंध्याशी घर करतो. घराच्या लाकडात तो बसलाच, तर ते आधीच ओलं, कुजकं झालेलं असण्याची शक्यता जास्त. म्हणून औषधाआधी पाणी शोधा. कौल फुटलंय, नळ पाझरतोय, भिंतीला ओल येतेय, काय ते. तुमच्याकडच्या पावसात एक फुटकं कौल पुरेसं आहे.

मग वारूळ शोधायचं. टॉर्चच्या काचेवर लाल जिलेटिन कागद लावा, लाल उजेड मुंग्यांना फारसा दिसत नाही. रात्री बसून बघा, रांग कुठून निघते नि कुठं शिरते. राणी आणि अंडी असतात ते मुख्य घर ओलीच्या जागी असतं, आणि त्याच्या शाखा जरा कोरड्या लाकडातही निघतात. चौकटीतली शाखा नि मुख्य घर परड्यात, असंही असू शकतं.

दिसेल त्या मुंगळ्यावर स्प्रे मारू नका. बाहेर दिसतात ते वारुळातले थोडेच, आत शेकडो बसलेले. तुम्ही हे मारता, ते दुसरी वाट काढतात, जशी खडूच्या वेळी काढली. आमिष द्या. मेडिकलमधली बोरिक पावडर, सपाट चमचाभर म्हणजे 5 ग्रॅमच्या आसपास, अर्धा लिटर कोमट पाण्यात शंभरेक ग्रॅम साखरेबरोबर विरघळवा. कापसाचा बोळा भिजवून बाटलीच्या टोपणात, रांगेच्या कडेला. जास्त कडक केलंत तर ते वारुळात पोचायच्या आत मरतात, राणीला काही होत नाही. दोन-तीन आठवडे धीर धरावा लागतो. भोकं पाडलेल्या डब्यात ठेवा, पोरापासून आणि मांजरापासून लांब.

अनगोळची_काकी
माझा अनुभव सांगते. आमच्या गच्चीच्या कुंडीत जास्वंद होती, तिला मावा पडलेला. माव्याचा गोड चिकट रस प्यायला मुंगळे रांगेने यायचे आणि तिथनं भिंतीवरून घरात. फांद्या भिंतीपासून छाटल्या, माव्यावर साबणाचं पाणी मारलं, निम्मे कमी झाले. ताई, तुझ्या नावातच जास्वंद आहे, ती घराला टेकलीय का बघ!

आणि साखरेवर आले नाहीत तर आमिष बदलून बघ. आमच्या मुंगळ्यांनी साखरपाण्याकडं ढुंकूनही बघितलं नाही, पण धाकट्याच्या हातनं खव्याचा गोड कुंदा सांडला तर दहा मिनिटांत जत्रा भरली. शेवटी कुंद्यातच बोरिक मिसळलं. जीवावर आलं, पण काय करणार.

निपाणीकर
कुंदा मुंगळ्यांना! काकी, आम्हाला बोलवायचं होतं.

परड्यातली_जास्वंद
सगळ्यांचे आभार. बारा दिवसांनी सांगायला आलेय. भुशात खरोखर पंखांचे तुकडे आणि दोन मुंगळ्यांची डोकी निघाली. रात्री यजमान लाल कागद लावून बसले. रांग चौकटीतून माळ्यावर आणि तिथनं वळचणीच्या वाशातून बाहेर, थेट शेवग्याच्या बुंध्याशी. कौलं वर करून बघितली तर न्हाणीवरचं एक तडकलेलं, त्याखालचा वासा आणि चौकटीचं वरचं लाकूड बोटानं दाबलं जात होतं. कौल बदललं, शेवग्याची वळचणीला टेकलेली फांदी तोडली. आमिषाला पहिले चार दिवस गर्दी, आता रात्री पाच-सहा दिसतात. भुसा गेल्या आठवड्यापासून नाही. गेद्दलुवाल्याचा दोनदा फोन येऊन गेला.

वखारवाले दादा, चौकटीचं वरचं लाकूड बदलावंच लागेल ना? सुतार गणपतीआधी यायला तयार नाही.

वखारवाला
बदलायचंच, पण घाई नको. पाऊस उघडू दे, भिंत वाळू दे. ओल्या भिंतीत नवं लाकूड बसवलंत तर तेही तसंच कुजणार. तोवर खाली टेकू देऊन ठेवा. दसऱ्यानंतर जुनं वाळलेलं ऐन किंवा फणस बघा, ताजं कापलेलं घेऊ नका. माप आणा, शोधून देतो.