मदत हवी आहे: गौतमीपुत्र सातकर्णी मराठी की आंध्र? फलकावर काय लिहावं?

नमस्कार मंडळी,

हैदराबादेतल्या आमच्या मराठी मंडळानं यंदा पाडव्याला सातवाहनांवर, म्हणजे गौतमीपुत्राच्या घराण्यावर, छोटं प्रदर्शन भरवायचं ठरवलं आहे. नकाशे, लेण्यांचे आणि नाण्यांचे फोटो जमले आहेत. अडलंय ते पहिल्याच फलकावर. मसुद्यात मी "महाराष्ट्राचं पहिलं राजघराणं" असं लिहिलं होतं. आमचे तेलुगू शेजारीही येणार आहेत. त्यांचा उगादी त्याच दिवशी आणि पंचांगात शालिवाहन शकही तोच. त्यांच्यातल्या एका निवृत्त इतिहास शिक्षकांनी मसुदा वाचून विचारलं, "पुराणं यांना आंध्र म्हणतात, तुम्ही मराठी कशावरून म्हणता?" प्रश्न रास्त आहे आणि मला त्याचं पुराव्यानिशी उत्तर द्यायचं आहे.

माझ्या बाजूनं जे सापडलं ते असं. नाणेघाटात घराण्याचा संस्थापक सिमुक सातवाहन, देवी नायनिका आणि सिरि सातकणि ही नावं कोरलेली आहेत. मूर्ती गेल्या, नावं राहिली. त्यांतच एक नाव 'महारठि' (ही पदवी) त्रनकयिरो असंही आहे. राजधानी पैठण, म्हणजे प्रतिष्ठान. ग्रीक भूगोलकार टॉलेमीसुद्धा गौतमीपुत्राचा मुलगा पुळुमावी याचं ठाणं पैठणलाच सांगतो. कलिंगाचा राजा खारवेल हाथीगुंफेच्या लेखात म्हणतो की सातकर्णीची (गौतमीपुत्राच्या आधीचा याच नावाचा राजा) पर्वा न करता त्यानं पश्चिमेकडे सैन्य धाडलं. म्हणजे कलिंगातून पाहताना सातकर्णी पश्चिमेचा होता.

मला सगळ्यात वजनदार वाटतो तो नाशिकचा, गौतमीपुत्राची आई गौतमी बलश्री हिचा लेख. नातू पुळुमावीच्या १९व्या राज्यवर्षी तिनं कोरवून घेतलेला, गेलेल्या मुलाच्या आठवणीचा. त्यात असिक, असक, मूलक, सुराष्ट्र, कुकुर, अपरांत, अनूप, विदर्भ, आकर, अवंती एवढे प्रदेश येतात, पण आंध्र येत नाही. शक, यवन, पह्लवांचा संहार करणारा, खखरात (क्षहरात क्षत्रपांचा) वंश निपटून काढणारा, सातवाहन कुळाचं यश पुन्हा उभं करणारा असं ती मुलाला म्हणते. आंध्र नाही आणि महाराष्ट्रीही नाही. त्याची ओळख आईच्या नावानं आणि कुळाच्या नावानं.

इथेच माझा गोंधळ वाढला. हे घराणं स्वतःला आंध्र म्हणवत नसेल तर पुराणांनी ते नाव कुठून आणलं? तेलंगणात गोदावरीकाठी कोटिलिंगलला सिमुकाची नाणी मिळाली आहेत, त्यांना किती महत्त्व द्यायचं? आणि फलकावर प्रामाणिक वाक्य कोणतं होईल? जाणकारांनी कृपया मदत करावी. "आपलेच होते, लिहून टाका" असे प्रतिसाद नकोत, मला त्या गुरुजींसमोर उभं राहायचं आहे.

गोदाकाठ:
धागा काढलात हे फार बरं केलंत. पुराणांपासून सुरुवात करतो. ती सिमुकाला आंध्रजातीय म्हणतात आणि घराण्याला कुठे आंध्र, कुठे आंध्रभृत्य (आंध्रांचे सेवक). पण हे वंशवृत्तांत लिहिले गेले तोवर सातवाहनांचा पश्चिमेचा मुलूख हातचा गेला होता आणि कृष्णेच्या मुखाकडचा भागच उरला होता. तेव्हाच्या माणसाला ते आंध्रचे राजे वाटले, तर त्यानं मागच्या पिढ्यांनाही तेच नाव लावलं असणार, असं बऱ्याच अभ्यासकांचं म्हणणं आहे. मला ते पटतं. उलट बाजूही सांगायला हवी. अशोकाच्या १३व्या शिलालेखात आंध्र हे लोक म्हणून येतात. त्यांच्यातलं एखादं कुळ पश्चिमेला येऊन राज्यावर बसलं असेल, तर पुराणांचं म्हणणं कुळापुरतं खरं आणि राज्य मात्र पैठणचं, असंही शक्य आहे.

कोटिलिंगलची नाणी हलक्यात घेऊ नका. तिथे गोबद, नारन, समगोप अशा स्थानिक राजांची नाणीही मिळाली आहेत, म्हणजे त्या जागेला स्वतःचा राजकीय इतिहास आहे. नाणी व्यापारातून फिरतात, त्यामुळे तेवढ्यावर मूळ गाव ठरत नाही. पण गोदावरीच्या खालच्या अंगाला हे घराणं लवकर पोचलं होतं, हे मान्य करायलाच हवं.

शिलालेखवेडा:
भांडण दोघांचंच नाही, हेही त्या गुरुजींना सांगा. म्याकदोनीच्या लेखात 'सातवाहनिहार' आणि हिरेहडगळ्ळीच्या ताम्रपटात 'सातहनिरट्ठ' ही प्रदेशाची नावं येतात, म्हणून अभ्यासक वि. सी. सुखठणकरांनी मूळस्थान कर्नाटकातल्या बल्लारीकडे मानलं. वा. वि. मिराशींनी विदर्भ मानला. नाशिकच्याच एका लेखात गौतमीपुत्र 'बेनाकटकस्वामी' आहे आणि ते बेनाकटक त्यांनी वैनगंगेच्या काठी ठेवलं.

वंश शुद्ध धरून चालायचं तर आणखी पंचाईत. कान्हेरीच्या लेखानुसार वासिष्ठीपुत्र सातकर्णीची राणी कार्दमक क्षत्रपांच्या घरातली, म्हणजे ज्या शकांशी पिढ्यान्‌पिढ्या लढाया, त्यांचीच लेक. पुढच्या राजांच्या रुप्याच्या नाण्यांवर एका बाजूला प्राकृत आणि दुसऱ्या बाजूला द्राविडी भाषा आहे. प्रजेला समजेल ते छापत होते. 'मराठी' आणि 'तेलुगू' या आजच्या खुणा त्या काळावर चिकटवू नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

धागाकर्ता:
दोघांचेही मनापासून आभार. 'पहिलं राजघराणं' काढतोय. नवा मसुदा असा: "पैठण ही राजधानी, नाशिक आणि नाणेघाट येथे लेख, पुढे आंध्रातल्या अमरावतीपर्यंत सत्ता. स्वतःच्या लेखांत हे राजे 'सातवाहन कुळाचे' एवढंच म्हणतात. पुराणं त्यांना आंध्र म्हणतात." खाली हेच तेलुगूत. भाषांतर तपासायला गुरुजींनाच विनंती करतो. उद्या संध्याकाळी छापायला देणार आहे, काही खटकलं तर त्याआधी कळवा.

शिलालेखवेडा:
मसुदा चांगला आहे. एकच. नाशिकचे फोटो लावताना लेणं क्रमांक नक्की लिहा. बलश्रीचा लेख ३ क्रमांकाच्या लेण्यात, कण्ह (सिमुकाचा भाऊ कृष्ण) राजाच्या काळचा १९ मध्ये. दोन्हीत सातवाहन कुळ येतं, त्यामुळे फोटोंची अदलाबदल फार होते. जुना कण्हाचाच, तो आधी लावा.