अबूधाबीच्या सागरी उद्यानात सहकुटुंब एक दिवस: डॉल्फिनचा कार्यक्रम पाहावा का?

प्रश्न: कळंबाकाठ

नमस्कार. येत्या मे महिन्यात आम्ही दोघे, नऊ आणि चार वर्षांची दोन मुले आणि माझे सासू-सासरे असे सहा जण नणंदेकडे अबूधाबीला जाणार आहोत. तिथल्या यास बेटावरच्या सी-वर्ल्ड या सागरी उद्यानाला एक पूर्ण दिवस द्यावा असा नणंदेचा आग्रह आहे. तिकिटे मात्र अजून काढलेली नाहीत. सासूबाईंचे गुडघे दुखतात आणि इथे कोल्हापुरात रंकाळ्यावर थोडे चालले तरी त्यांना बाक शोधावा लागतो. धाकटा मोठ्या आवाजाला घाबरतो. या सगळ्यांना घेऊन दिवस कसा आखावा, हा माझा पहिला प्रश्न आहे.

दुसरा प्रश्न अधिक अवघड आहे. मोठी मुलगी शाळेच्या प्रकल्पासाठी समुद्री सस्तन प्राण्यांविषयी वाचत असून, डॉल्फिनच्या कसरती आपण पाहणार नाही असे तिने जेवणाच्या ताटावरच जाहीर केले आहे. सासरे म्हणतात की एवढा खर्च करून जायचे आणि जे पाहायला लोक येतात तेच सोडायचे, याला काय अर्थ आहे? मला दोघांचेही पटते, म्हणून जाणकारांचे मत हवे आहे.

उत्तर: उजळाईवाडी

ताई, नोकरीनिमित्त मी काही काळ अबूधाबीत राहिलो आहे आणि पाहुण्यांना घेऊन या उद्यानात गेलो आहे, म्हणून पहिल्या प्रश्नापुरते लिहितो. हे उद्यान मे २०२३ मध्ये सुरू झाले आणि ते जवळजवळ पूर्णपणे छताखाली, वातानुकूलित आहे. मे महिन्यात तिथे बाहेरचे तापमान दुपारी चाळीस अंशांच्या आसपास किंवा वर असते, त्यामुळे वृद्ध आणि लहान मुले बरोबर असताना याचे मोल मोठे आहे. मात्र आर्क्टिक आणि अंटार्क्टिकाचे जे ध्रुवीय विभाग आहेत तिथे खरोखर थंडी असते; सर्वांचे स्वेटर पिशवीत ठेवा. कोल्हापूरहून मे महिन्यात स्वेटर घेऊन निघणे विचित्र वाटेल, पण पेंग्विनसमोर उभे राहिल्यावर मुले तिथून लवकर हलत नाहीत आणि कुडकुडणाऱ्या मुलाला ओढून बाहेर काढणे हा दिवसातला सर्वांत वाईट भाग ठरू शकतो.

एकूण आठ विभाग आहेत आणि मधला ‘वन ओशन’ हा भाग सगळ्यांना जोडतो. सासूबाईंसाठी तोच मुक्काम समजा: तिथे बसायचे आणि बाकीच्यांनी एकेक विभाग पाहून परत यायचे. चाकांच्या खुर्चीची चौकशी तिकीट काढतानाच करून ठेवावी. सर्वांत अधिक वेळ ‘एंडलेस ओशन’ला द्या. तिथली टाकी अडीच कोटी लिटरची आहे. शार्क, रे आणि माशांचे थवे काचेपलीकडून संथपणे जातात आणि आजी-नातवंडे दोघांनाही बसल्या जागी पाहता येतात. चार वर्षांच्या मुलासाठी ‘मायक्रो ओशन’मध्ये छोटे पाळणे आणि खेळायची जागा आहे. मोठ्या पाळण्यांना उंचीची अट असते, ती आधी पाहून ठेवली तर रांगेच्या टोकाला पोहोचून परत फिरावे लागत नाही.

डॉल्फिन ‘ट्रॉपिकल ओशन’ या विभागात आहेत आणि त्यांचे सादरीकरण ठरावीक वेळी होते. ते टाळूनही बाकीचा दिवस पूर्ण भरतो, त्यामुळे सासऱ्यांची ‘मुख्य गोष्ट’ तीच आहे असे मला वाटत नाही.

उत्तर: सादळे-मादळे

मी दुसऱ्या प्रश्नाकडे वळतो, कारण तुमच्या मुलीची बाजू घेणारे कोणी तरी इथे असायला हवे. भारतात असे कार्यक्रम उभे राहू शकत नाहीत, हे तिला ठाऊक असेलच. केंद्रीय प्राणीसंग्रहालय प्राधिकरणाने १७ मे २०१३ रोजी परिपत्रक काढून डॉल्फिनेरियम, म्हणजे लोकांना दाखवण्यासाठी डॉल्फिन ठेवण्याची जागा, उभारण्यास परवानगी देऊ नये असे राज्यांना कळवले. डॉल्फिन आणि त्यांच्यासारखे सस्तन जलचर बंदिवासात नीट जगत नाहीत, हे त्यामागचे कारण होते. त्याआधी, १९९८ मध्ये, चेन्नईजवळच्या एका उद्यानात परदेशातून आणलेले डॉल्फिन काही महिन्यांतच मेले होते.

कारण समजायला कठीण नाही. डॉल्फिन आवाज सोडून त्याच्या प्रतिध्वनीवरून भोवतालचा अंदाज घेतो, दिवसाला कित्येक किलोमीटर पोहतो आणि इतर डॉल्फिनांशी दीर्घकाळचे संबंध ठेवतो. टाकी कितीही मोठी बांधली तरी यातले काहीच तिच्यात पुरेसे मावत नाही. खुद्द सी-वर्ल्ड कंपनीनेही २०१६ मध्ये ऑर्का देवमाशांचे प्रजनन थांबवण्याची घोषणा केली आणि अबूधाबीच्या उद्यानात ऑर्का ठेवलेलेच नाहीत. लोकमताचा दबाव नसता तर हे घडले असते असे मला वाटत नाही.

आपल्या शहरात साठमारीचे मैदान आहे. संस्थानकाळात माजावर आलेल्या हत्तीला तिथे चिथावून माणसे पळत आणि बुरुजाआड लपत, आणि हजारो लोक तो खेळ पाहायला जमत. त्या काळी तो शौर्याचा खेळ होता. आज तो पुन्हा सुरू करा असे कोणी म्हणणार नाही. तुमची मुलगी आपल्यापेक्षा थोडी आधी तिथे पोहोचली आहे, इतकेच.

उत्तर: शाहूपुरीचे आजोबा

साठमारीची तुलना मला ओढूनताणून केलेली वाटते. तिथे जनावराला डिवचले जात असे. इथे प्रशिक्षक मासे देऊन शिकवतात, पशुवैद्य असतात आणि यास बेटावर समुद्री प्राण्यांच्या बचावाचे व संशोधनाचे केंद्रही आहे. दोन्ही एकाच पंक्तीत बसवणे योग्य नाही.

तरीही नातीवर जबरदस्ती करू नये, असे मी एका आजोबाच्या नात्याने सुचवतो. आजोबांनी कार्यक्रम पाहावा, नातीने त्या वेळात आजीजवळ बसावे किंवा वडिलांबरोबर वॉलरस पाहावेत, आणि संध्याकाळी दोघांनी वाद घालावा. मात्र एक भेद तिच्याही लक्षात आणून द्या: डॉल्फिनविषयीचा आक्षेप माशांच्या टाकीला जसाच्या तसा लागू होत नाही. मुंबईचे तारापोरवाला मत्स्यालय १९५१ पासून होते आणि माझ्या पिढीतल्या घाटावरच्या कितीतरी मुलांनी जिवंत समुद्री मासा पहिल्यांदा तिथेच पाहिला. आमच्या पंचगंगेत शार्क नव्हते.

उत्तर: राजारामपुरी-व्हाया-मालवण

वहिनी, माझे माहेर मालवण तालुक्यातले आहे, म्हणून या विषयाची आणखी एक बाजू सांगते. आमच्याकडे तोंडवळी-वायंगणी परिसरात सी-वर्ल्डसारखे उद्यान उभारण्याचा सरकारी प्रस्ताव आला होता. जमिनी जाणार म्हणून ग्रामस्थांनी त्याला कडाडून विरोध केला आणि तो प्रकल्प वर्षानुवर्षे रखडला. गंमत अशी की ज्या किनाऱ्यावर टाकीतले प्राणी दाखवण्याचे बेत चालले होते, त्याच किनाऱ्यासमोर मोकळे डॉल्फिन फिरतात.

म्हणून मेच्या आधी, जानेवारी-फेब्रुवारीत, मुलांना तारकर्ली-देवबागला घेऊन जा. आपल्या किनाऱ्यालगत दिसणारा डॉल्फिन बहुतेक वेळा पाठीवर उंचवटा असलेल्या जातीचा असतो. तो उथळ पाण्यात आणि खाडीच्या मुखाशी वावरतो, म्हणून कर्ली नदी जिथे समुद्राला मिळते त्या बाजूला होड्या जातात. तो फार उड्या मारत नाही. पाठ वर येते, श्वास सोडल्याचा आवाज होतो आणि तो पुन्हा खाली जातो, एवढेच दिसते; कसरतीची अपेक्षा ठेवून जाणारे निराश होतात, हे मुलांना आधी सांगून ठेवा. सकाळी लवकर, वारा उठण्यापूर्वी निघा आणि सर्वांना लाइफ जॅकेट मिळाल्याशिवाय होडीत बसू नका.

इथेही सगळे आलबेल आहे असे समजू नका. डॉल्फिन दिसला की चारही बाजूंनी होड्या धावतात आणि इंजिनांच्या गोंगाटात तो बुडी मारून दूर निघून जातो. डॉल्फिनला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत संरक्षण आहे आणि मालवणला १९८७ पासून सागरी अभयारण्यही आहे, पण होडीतल्या पर्यटकाने आग्रह धरला तर तांडेल, म्हणजे होडी चालवणारा, पाठलाग करणारच. म्हणून ठरवतानाच त्याला स्पष्ट सांगा की डॉल्फिन दिसल्यावर इंजिन बंद करून थांबायचे. चांगले तांडेल हे आनंदाने ऐकतात.

मुलीला प्रकल्पासाठी अधिक काही हवे असेल तर रत्नागिरीला झाडगाव येथे कोकण कृषी विद्यापीठाचे सागरी संशोधन केंद्र आहे. तिथे मत्स्यालय आहे आणि देवमाशाचा सांगाडाही पाहता येतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये मंडणगड तालुक्यातल्या वेळासला ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्ले समुद्रात सोडताना पाहता येतात, पण कोल्हापूरहून ते फार लांब पडते.

कळंबाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. घरी सगळी उत्तरे मोठ्याने वाचली. साठमारीचा उल्लेख आला तेव्हा सासऱ्यांनी चष्मा काढला आणि त्यांच्या वडिलांनी पाहिलेल्या, पाळीव चित्ते सोडून केलेल्या शिकारीची गोष्ट सुरू केली, त्यामुळे मूळ वाद बाजूलाच राहिला. सध्याचा बेत असा आहे की फेब्रुवारीत शनिवार-रविवार देवबागला जायचे, मेमध्ये सी-वर्ल्डचा पूर्ण दिवसही घालवायचा, आणि डॉल्फिनच्या वेळी मुलीने व तिच्या बाबांनी ध्रुवीय विभागात जायचे. सासरे सादरीकरण पाहणार आहेत आणि त्यावर मुलीने त्यांच्याकडून प्रकल्पासाठी मुलाखत देण्याचे वचन घेतले आहे.

आता एकच शंका उरली आहे. धाकट्याला घाटात गाडी लागते. मालवणला गगनबावड्याकडून जावे की राधानगरीकडून?

राजारामपुरी-व्हाया-मालवण

वळणे दोन्हीकडे आहेत, पण आम्ही राधानगरी, दाजीपूर आणि फोंडा घाटावरून कणकवलीला उतरतो. मुलाला निघताना दूध देऊ नका, कोरडे काहीतरी द्या. दाजीपूरच्या जंगलात पहाटे गवे रस्त्यावर येतात, म्हणून त्या पट्ट्यात उजाडल्यावरच पोहोचाल अशा बेताने निघा.