भावाची बोटं प्रेसमध्ये गेली, मेडिकल बोर्डाने 18 टक्के दिले, पुन्हा तपासणी मागता येते का?

भोसरीची_ताई
नमस्कार. माझा धाकटा भाऊ चाकणला एका प्रेस शॉपमध्ये (मशीनने पत्रा दाबून पार्ट बनवतात तिथे) ऑपरेटर, 2024 च्या दिवाळीआधी उजवा हात डायमध्ये, म्हणजे मशीनच्या साच्यात, सापडला. अंगठ्याशेजारच्या बोटाची दोन पेरं गेली आणि मधल्या बोटाचं एक. करंगळीशेजारचं बोट वाचलं पण टाके निघाल्यापासून ते वाकतच नाही, काठीसारखं ताठ. पगारातून ईएसआय (सरकारी कामगार विमा) कापली जात होती त्यामुळे ऑपरेशन झालं, सुट्टीचे पैसेही आले, त्याबद्दल तक्रार नाही. पण बोर्डासमोर गेला तेव्हा हात उलटासुलटा बघितला, फाईल चाळली आणि झालं. पत्र आलं 18 टक्के. त्याला आता पाना धरता येत नाही, टेबलावरचा नट उचलता येत नाही, शर्टाची बटणं आई लावते. बाकीचा 82 टक्के हात चांगला आहे असं यांचं म्हणणं आहे का? एकाने सांगितलं हाताच्या ताकदीची मशीनवर टेस्ट होते, तो रिपोर्ट जोडा. खरंच उपयोग होतो का? पत्र येऊन महिना झालाय आणि कंपनी म्हणतेय त्याच मशीनवर परत ये.

प्रेसवाला_नितीन
ताई 40 टक्क्याच्या खाली काही मिळत नाही, उगाच धावपळ करू नका.

कामगार_मित्र_पिंपरी
नितीन भाऊ तसं नाहीये, कृपया असं सांगू नका, लोक घाबरून क्लेम सोडतात. 40 टक्क्याची अट अपंगत्वाच्या सर्टिफिकेटवरच्या सवलतींना असते, तो 2016 चा वेगळा कायदा. ईएसआयचं बोर्ड कमाईची क्षमता किती गेली ते ठरवतं आणि तिथे 5 टक्क्यालाही महिन्याचे पैसे मिळतात.

ताई, 18 कुठून आले ते सांगतो. कायद्यात तक्ता आहे. अंगठ्याशेजारच्या बोटाची दोन पेरं 11, मधल्याचं एक पेर 7, बेरीज 18. म्हणजे कापलेलं तेवढंच मोजलंय आणि ताठ बोटाला शून्य दिलंय. तुमचा मुद्दा तिथे आहे. त्याच तक्त्याखाली टीप आहे की एखाद्या अवयवाचा वापर पूर्ण आणि कायमचा गेला तर तो अवयव गेला असंच धरायचं. करंगळीशेजारचं पूर्ण बोट 7 टक्के. आणि बोट थोडंफार हलत असेल तर ते तक्त्याबाहेरचं नुकसान, तेही बोर्डाने वेगळं मोजायला हवं.

पैशाचं गणित असं, पगार 15000 धरला तर दिवसाला 500, त्याचे 90 टक्के म्हणजे 450, त्याचे 18 टक्के म्हणजे 81 रुपये रोज. 25 झाले तर 112 च्या वर. फरक लहान वाटतो पण हे आयुष्यभर मिळतं आणि नोकरी चालू असली तरी मिळतं, म्हणून सोडू नका. पत्र मिळाल्यापासून तीन महिन्यांत मेडिकल अपील ट्रिब्युनलकडे अर्ज करायचा, नाहीतर थेट ईएसआय कोर्टात जाता येतं. तुमचा एक महिना गेलाय, या आठवड्यातच लागा.

ओटी_मृणाल
मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे, म्हणजे दुखापतीनंतर रोजची कामं पुन्हा करता यावीत यासाठी उपचार करते, हाताचेच पेशंट जास्त बघते. टेस्टचा उपयोग होतो पण नुसता ताकदीचा आकडा आणू नका. रिपोर्टमध्ये प्रत्येक सांधा किती अंशात वाकतो ते हवं, तेही स्वतः वाकवला तर किती आणि दुसऱ्याने वाकवला तर किती. मग मुठीची ताकद, खुर्चीत बसून कोपर काटकोनात, दोन्ही हातांचे तीन-तीन वेळा. चिमटीची ताकद वेगळी. कापलेल्या टोकाला स्पर्श कळतो का, झिणझिण्या येतात का, थंडीत दुखतं का.

आणखी एक गोष्ट जी बऱ्याचदा सुटते. मधलं, करंगळीशेजारचं आणि करंगळी ही तिन्ही बोटं वाकवणाऱ्या खोल कंडरा (स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या दोऱ्या) बहुतेक एकाच स्नायूतून येतात, त्यातली एक चिकटून अडकली की शेजारची बोटं शाबूत असूनही पूर्ण जोराने मिटत नाहीत. त्यामुळे तुमच्या भावाचा पाना सुटत असेल तर तो बहाणा नाही, त्याला शरीरातलं कारण आहे, आणि हे रिपोर्टमध्ये लिहून घ्याच.

प्रायव्हेटचा खर्च नको असेल तर मुंबईत केईएम, सायन आणि हाजी अलीची ती केंद्राची पुनर्वसन संस्था, तिघांकडे ऑक्युपेशनल थेरपी आहे. जाताना तो शिफ्टमध्ये काय काय करायचा ते लिहून न्या. पत्रा किती किलोचा, डाय बदलताना कुठली हत्यारं, पेडल की दोन हाताची बटणं. थेरपिस्ट तीच कामं करून बघायला लावेल.

भोसरीची_ताई
मॅडम, दादा, खूप खूप आभार. एक विचारते, तो आता डाव्या हाताने जेवतो, गाडीही हळूहळू चालवायला लागलाय. टेस्टमध्ये हे सांगितलं तर टक्के कमी होतील का? ओळखीचा एकजण म्हणाला जोर लावूच नको.

ओटी_मृणाल
नाही, असं अजिबात करू देऊ नका. तीन वेळच्या आकड्यांत खूप फरक आला की पूर्ण जोर लावला नाही अशी शंका रिपोर्टमध्ये लिहिली जाते, मग खरं दुखणंसुद्धा कोणी मानत नाही. होईल तेवढा जोर लावायचा, दुखलं की दुखतंय म्हणायचं. डाव्या हाताने जेवतो हे जरूर सांगा, त्यातून उजव्याने जेवता येत नाही हेच दिसतं.

कामगार_मित्र_पिंपरी
मॅडमशी शंभर टक्के सहमत. सुप्रीम कोर्टाचा प्रतापनारायण सिंह देवचा जुना निकाल आहे, 1976 च्या एआयआरमध्ये (कोर्टाचे निकाल छापणारं मासिक), एका सुताराचा डावा हात कोपराच्या वरून गेला होता, कोर्टाने सांगितलं एका हाताने सुतारकाम होत नाही म्हणून पूर्ण 100 टक्के. तुमच्या भावाला तसं मिळेल असं मी म्हणत नाही, बोटांची केस वेगळी, पण माणूस काय काम करत होता ते बघावं लागतं याला तो आधार आहे.

आणि कंपनीचं. फिट सर्टिफिकेटवर कुठल्या कामाला फिट ते लिहून घ्या, हलक्या कामाची शिफारस डॉक्टरांकडून लेखी मागा आणि कंपनीला अर्ज देऊन पोचपावती ठेवा. ती मुठीची ताकद घेऊन त्याला पुन्हा पॉवर प्रेसवर उभं राहू देऊ नका. बोर्डाचं पत्र, डिस्चार्ज कार्ड आणि अपघाताच्या रिपोर्टची कॉपी काढून ठेवा, अपिलाचा मसुदा मी करून देतो, इथे मेसेज करा.