समोरून येणारी दुचाकी ट्रकपेक्षा लांब का वाटते?

घाटवाट:
दुपदरी रस्त्यावर ओव्हरटेक करताना समोर ट्रक दिसला की माणूस थांबतो. तेवढ्याच अंतरावर दुचाकी असली की घुसतो. याला सरसकट बेपर्वाई म्हणणं पटत नाही. बारीक दिसतंय म्हणजे अजून लांब आहे, हा हिशेब डोळा परस्पर करून टाकतो.

त्रिज्या:
मानसशास्त्रज्ञ डेव्हिड ली यांनी १९७६ सालीच मांडलंय की वस्तू किती वेळात येऊन भिडेल हे कळायला अंतर लागत नाही आणि आकारही. तिने डोळ्यात व्यापलेला कोन भागिले तो वाढण्याचा वेग, की उरलेले सेकंद आले. ट्रक असो वा दुचाकी, उत्तर एकच. मग डोळ्याचा दोष कुठे?

घाटवाट:
ती वाढ आधी जाणवायला तर हवी! कोन सेकंदाला साधारण ०.००३ रेडियनने (सुमारे ०.१७ अंशाने) वाढणं ही जाणिवेची मर्यादा धरतात. आपली गाडी आणि समोरचं वाहन दोन्ही ताशी ६० किमीने आली, तर अंतर सेकंदाला ३३ मीटरने तुटतं. अडीच मीटर रुंद ट्रक १६५ मीटरवर 'वाढायला' लागतो, हातात ५ सेकंद. पाऊण मीटरची दुचाकी ९० मीटरवर, जेमतेम पावणेतीन सेकंद. आपल्या पुढच्या ट्रकला ओव्हरटेक करायला आठ-दहा सेकंद सहज जातात. म्हणजे निर्णयाच्या क्षणी नजरेत फक्त आकार असतो.

त्रिज्या:
छान, म्हणजे त्या क्षणी ट्रकचाही अंदाज येत नाही! तरी माणूस थांबतो तो भीतीने. दुचाकी आपल्याला चिरडणार नाही हे त्याला पक्कं ठाऊक असतं. फिरून बेपर्वाईच.

घाटवाट:
संगणकाच्या पडद्यावर कोण चिरडणार? मानसशास्त्रज्ञ पॅट्रिशिया डीलुसिया यांच्या १९९१च्या प्रयोगांत लांबची मोठी आकृती जवळच्या लहान आकृतीच्या आधी पोचेल असं लोकांना वाटलं. खरं तर लहानच आधी पोचणार होती.

फाटकवाला:
मोठं ते जवळ, हा नियम रुळांवर मात्र उलटतो. मोठी वस्तू तेवढ्याच वेगाच्या लहान वस्तूपेक्षा हळू वाटते, हे मानसशास्त्रज्ञ हर्शेल लायबोविट्झ यांनी १९८५ साली रेल्वे फाटकांबद्दल लिहिलं. उतरणारं जंबो विमान तरंगल्यासारखं दिसतं, तसंच.

त्रिज्या:
२०१७पासून नव्या दुचाकींचा दिवा दिवसाही चालू असतो, त्याचं काय?

घाटवाट:
त्याने दुचाकी नजरेत भरते, वेग कळत नाही. रात्री दोन दिव्यांमधलं अंतर फाकतं, त्यावरून गाडी जवळ येतेय हे उमगतं. एकाच दिव्यात फाकायला काय आहे? त्यातही ट्रकचा उजवा दिवा गेलेला असेल, तर कडेने दुचाकी येतेय असं वाटतं आणि त्या दिव्याच्या अलीकडे, आपल्या बाजूला, दोन मीटर धूड अंधारात असतं.