मदत हवी आहे: विद्यापीठातली इंटर्नशिप, प्रयोग अडकलाय

नमस्कार मंडळी. मी यावल तालुक्यातली, एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला आहे. नव्या शैक्षणिक धोरणातली ४ क्रेडिटची इंटर्नशिप एका विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत करतेय. विषय अगदी मनासारखा मिळाला: केळीवरचा सीएमव्ही (कुकुंबर मोझॅक व्हायरस), म्हणजे मावा किडीमुळे पसरणारा विषाणू. आमच्याच बागेतली पिवळे पट्टे पडलेली पानं नेली. द्रव नायट्रोजन ओतून खलात कुटलं की पानाची पिठासारखी पूड होते. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा हरखूनच गेले.

पण केळीच्या पानात फिनॉल आणि चिकट पॉलिसॅकराइड भरपूर, त्यामुळे विषाणू शोधायला लागणारा आरएनए (जनुकीय रेणू) स्वच्छ निघत नाही, नळीत तपकिरी गाळ येतो. सीटीएबी पद्धतीत (या डिटर्जंटने पेशी फोडतात) पीव्हीपी, म्हणजे फिनॉल धरून ठेवणारं रसायन, घालून बघायचंय. तर मार्गदर्शक मॅडम प्रवेशाच्या कामात अडकलेल्या, आणि मी दिवसभर एक्सेलमध्ये नोंदी भरतेय. शिकवतात तेव्हा जीव ओतून शिकवतात, म्हणून तक्रार करायला मन धजत नाही.

जळगाव-धुळे-नंदुरबारकडच्या ज्या दादा-ताईंनी हे केलंय त्यांनी सांगा, प्रयोगासाठी वेळ कसा मागू? पीव्हीपी किती टक्के घेता? आणि पीसीआरपर्यंत (विषाणू ओळखायच्या चाचणीपर्यंत) पोचलेच नाही, तर अहवालात फसलेले प्रयोग मांडलेले चालतात का?