मदत हवी आहे: लेकरू एक, वळण लावायच्या तऱ्हा तीन

परभणीत एकत्र राहतो. लेकरू साडेतीन वर्षांचं, नाही म्हणलं की फरशीवर लोळण घेतंय, हातातली वाटी भिरकावतंय. हे डोळे वटारतात, सासूबाई लगेच मोबाईल देतात, मी जवळ बसते पण नाही म्हणजे नाहीच. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ डायना बाउमरिंड यांनी 1960च्या दशकात मांडलेल्या लेकरं वाढवायच्या पद्धतींबद्दल वाचलंय, माया अन् ठाम नियम दोन्ही असले की लेकरं स्वतःला आवरायला शिकतात, पटतंय मला ते. झोप, भूक सांभाळून बघितली, डॉक्टरांनी ऐकणं-बोलणं ठीक सांगितलंय, अंगणवाडीत तर शहाण्यासारखं राहतंय. वेगळं राहायचं नाही, अन् दिवसभर सासूबाईच सांभाळतात, त्यांना दुखवायचं नाही. तर तिघांनी सारखा पाळायचा पहिला नियम कोणता धरावा, आधी मोबाईल सोडवावा का धाक?